मजकूर-संपादक व त्याचीं पूरकें

‘संपादक’ हा शब्द वाचतांच आमच्या बालमित्रांच्या डोळ्यांपुढें या वार्षिकाच्या संपादकांची मूर्ति उभी राहील. ज्यांनीं आपले निबंध वेळेवर दिले नाहींत त्यांस ती मूर्ति कशी दिसते, हें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु ज्या संपादकाविषयीं आज आम्ही लिहिणार आहों तो मनुष्य नसून संगणकांतील एक साधन आहे. प्रोग्रॅम लिहिणारा ज्या ठिकाणीं आपला मजकूर टाइप करतो, तपासतो, दुरुस्त करतो व जतन करून ठेवतो, त्या साधनास टेक्स्ट एडिटर, म्हणजे मजकूर-संपादक, असें म्हणतात. दहावीनंतर माहिती-तंत्रज्ञान हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यांस एचटीएमएल, जावास्क्रिप्ट व पीएचपी यांशीं परिचय करून घ्यावा लागतो, आणि पुढें अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांत, बडनेऱ्यास किंवा शेगांवास जाऊन संगणकशास्त्र शिकणाऱ्यांचा तर या साधनाशीं रोजचाच संबंध येतो. तेव्हां त्यास जोडावयाचीं पूरकें कशीं निवडावीं, याचा विचार या पाठांत करावयाचें आम्हीं योजिलें आहे. पालकांनींहि हा पाठ वाचावा अशी आमची इच्छा आहे. तिचें कारण पुढें येईल.

पुष्कळ पालकांस असें वाटतें कीं, अर्ज किंवा पत्र लिहिण्याचें वर्ड नांवाचें जें साधन घरोघर आहे, त्यांतच प्रोग्रॅमहि लिहितां येईल. तसें नाहीं. वर्डमधील पत्रांत आपणांस जीं अक्षरें दिसतात त्यांखेरीज अक्षरांचा आकार, ठळकपणा, समास, रंग इत्यादि गोष्टींच्या खुणा फाइलींत गुप्तपणें सांठविलेल्या असतात. प्रोग्रॅमचा अर्थ लावणारें यंत्र त्या खुणांनीं गोंधळून जातें. शिवाय सरळ अवतरणचिन्हाचें वांकडें अवतरणचिन्ह आपल्याच मनानें करून टाकण्याची वर्डला खोड आहे, व त्या एका चिन्हापायीं सबंध पान चालेनासें होतें. मजकूर-संपादक असला आगाऊपणा करीत नाहीं. दिलेलीं अक्षरें तेवढीं तो ठेवतो. तो निरनिराळे शब्द निरनिराळ्या रंगांत दाखवितो हें खरें, परंतु ते रंग केवळ पाहणाराच्या सोयीसाठीं असतात. फाइलींत ते उतरत नाहींत.

अशीं साधनें पुष्कळ आहेत. त्यांपैकीं दोघांचा जन्म १९७६ सालींच झाला: बिल जॉय यांनीं कॅलिफोर्नियांत ‘व्ही-आय’ लिहिला आणि रिचर्ड स्टॉलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मॅसॅच्युसेट्स येथें ‘ईमॅक्स’ रचला. या दोन घराण्यांच्या अनुयायांचा वाद अद्याप मिटलेला नाहीं, आणि तो मिटावा असें उभय पक्षांस मनापासून वाटतें असेंहि दिसत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांच्या हातीं मात्र बहुधा मायक्रोसॉफ्टचा ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ असतो. तो २०१५ सालीं निघाला. या सर्वांत एक गुण समान आहे. मूळ साधनास हात न लावतां त्यांत नवीन शक्ति बाहेरून घालतां येते. अशा बाहेरून जोडावयाच्या भागास प्लगिन किंवा एक्स्टेन्शन म्हणतात. आम्ही त्यास येथें ‘पूरक’ म्हणूं.

पूरक म्हणजे काय हें वऱ्हाडांतील वाचकांस समजावून सांगण्यासाठीं दूर जाण्याची गरज नाहीं. आपल्या तिफणीला तीन फण असतात व तिनें एका वेळीं तीन ओळी पेरतां येतात. परंतु मधून तुरीची ओळ घालावयाची असेल तर शेतकरी कांहीं नवी तिफण करवीत नाहीं. तो त्याच तिफणीच्या मागें दोरीनें सरतें बांधतो, मागून चालणारी बाई ओटींतील तुरीचें बीं त्या सरत्याच्या पोकळ नळींत सोडीत जाते, आणि एकाच फेरींत दोन पिकें पेरलीं जातात. तिफण सर्वांची सारखी, सरतें ज्याच्या त्याच्या गरजेचें. पेरणी संपली कीं दोरी सोडावी व सरतें गोठ्यांत टांगून ठेवावें. आतां कोणी हौशी मनुष्यानें एका तिफणीस दहा सरतीं बांधलीं तर काय होईल तें बैलांसच विचारावें.

अशीच हौस आमच्या वर्गांत एकदां झाली. गेल्या वर्षीं विज्ञान-प्रदर्शनासाठीं दोन विद्यार्थ्यांनीं कापसाचे भाव दाखविणारें एक पान तयार करावयाचें ठरविलें. अकोला व अमरावती येथील बाजारांत रोज मिळालेला भाव वहींत टिपावा, एका साध्या फाइलींत दिवसास एक ओळ याप्रमाणें भरावा, आणि पानावर त्याचा आलेख उमटावा, अशी त्यांची योजना होती. दोघांपैकीं एक अकोल्याकडील खेड्यांतला. घरची सात एकर कोरडवाहू कपाशी. माल दारावर आलेल्या व्यापाऱ्यास द्यावा कीं गाडीभाडें सोसून बाजारांत न्यावा, हा त्या घरांत दरवर्षीं उठणारा प्रश्न होता, आणि मुलाच्या आलेखानें तो सुटावा अशी वडिलांची अपेक्षा होती. तेव्हां हें काम केवळ बक्षिसासाठीं चाललें नव्हतें.

दुसरा विद्यार्थी मोठा उत्साही. प्रोग्रॅमरास ‘अत्यावश्यक’ असलेल्या पूरकांविषयींचा एक चित्रपट त्यानें इंटरनेटवर पाहिला व दोन संध्याकाळांत शाळेच्या एका जुन्या संगणकावर एकंदर ३२ पूरकें चढविलीं. फाइलींच्या नांवांपुढें सुंदर चित्रें आलीं, कंसांस इंद्रधनुष्याचे रंग आले, एका कोपऱ्यांत मांजरहि फिरूं लागलें. संपादक उघडण्यास मात्र पूर्वीच्या कितीतरी पट वेळ लागूं लागला. तेंहि चाललें असतें. परंतु प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यांत पहिल्या विद्यार्थ्यानें दोन महिन्यांचा आलेख कागदावर छापून घरीं नेला. वडिलांनीं तो क्षणभर पाहिला व म्हणाले, “एका दिवसांत भाव इतका चढतो, दुसऱ्या दिवशीं तितकाच पडतो, पुन्हां चढतो, असें झालें असतें तर गांवांत बोभाटा झाला नसता काय?” आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसत होता. मुलानें वही काढून ताडून पाहिलें. प्रत्येक भाव बरोबर होता, प्रत्येक दिनांक बरोबर होता. क्रम मात्र चुकला होता: १ नोव्हेंबर, त्याखालीं १ डिसेंबर, मग २ नोव्हेंबर, मग २ डिसेंबर, अशा ओळी लागल्या होत्या.

चतुर वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. दिनांक आधीं दिवस व मग महिना असे लिहिलेले असतां त्या ओळी कोणी अक्षरांच्या क्रमानें लावल्या तर दोन महिन्यांची अशीच सरमिसळ होईल. पण लावल्या कोणी? मुलांनीं तर नव्हे. म्हणजे ३२ पूरकांपैकीं कोणीतरी हा उपद्व्याप करीत होतें.

दोषी शोधण्याची रीत गणितांतील आहे, म्हणून ती येथें सविस्तर देतों. एकेक पूरक बंद करून पाहावें तर ३२ वेळां प्रयोग करावा लागेल. त्याऐवजीं निम्मीं, म्हणजे १६, बंद करावीं. दोष राहिला तर चोर चालू असलेल्या निम्म्यांत. गेला तर बंद केलेल्यांत. त्या १६ चे पुन्हां दोन भाग करावे. ८, ४, २ व १ असें करीत पांच प्रयोगांत चोर सांपडतो. हेंच काम व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्यें एका आज्ञेनेंहि करतां येतें. आम्हीं मात्र मुलांकडून तें हातानेंच करविलें, आणि बरें झालें. कारण पहिलीं १६ चालू ठेविलीं तर दोष नाहीं, दुसरीं १६ चालू ठेविलीं तरीहि दोष नाहीं, आणि सर्व ३२ चालू केलीं कीं दोष पुन्हां हजर! मुलें चक्रावलीं. आम्हीहि कांहीं वेळ चक्रावलों, हें कबूल केलें पाहिजे.

याचा अर्थ एकच होऊं शकतो: चोर एकटा नाहीं. दोघे एकत्र आले कींच चोरी होते, व एक या अर्धांत, दुसरा त्या अर्धांत आहे. मग पहिलीं १६ तशींच चालू ठेवून दुसऱ्या १६ मध्यें अर्धें-अर्धें करीत चार प्रयोगांत एक सांपडलें. तें एक कायम चालू ठेवून पहिल्या १६ मध्यें तसेंच चार प्रयोग केले तेव्हां दुसरें सांपडलें. आरंभींचे दोन धरून एकूण दहा प्रयोग. त्यांपैकीं एक पूरक ‘यादी’ या प्रकारच्या फाइली जतन होतांना त्यांतील ओळी अक्षरक्रमानें लावीत असे. किराणा मालाच्या याद्या करणाऱ्यास तें सोयीचें असेल. दुसरें पूरक ज्या फाइलीचा प्रकार कळत नाहीं तिला ‘यादी’ ठरवून तिच्यापुढें एक गोंडस चित्र लावीत असे. दोन्ही आपापल्या जागीं निरपराध होतीं. दिनांक व भाव एकाच ओळींत असल्यामुळें कांहीं नष्ट झालें नाहीं. ओळी पुन्हां लावून घेतां आल्या. दोन निरनिराळ्या फाइलींत ते लिहिले असते तर कोणता भाव कोणत्या दिवसाचा हें वहीवांचून कळलें नसतें, आणि वही एव्हांना कोठें असती कोण जाणे.

या प्रसंगानंतर त्या संगणकावर एक कागद चिकटविण्यांत आला. त्यावर एकच प्रश्न लिहिला होता: “ज्या कामासाठीं हें पूरक पाहिजे, तें काम संपादकास आधींच येतें काय?” अनुभव असा कीं, निम्म्या वेळीं उत्तर ‘येतें’ असें निघतें. कंसांच्या रंगांचेंच उदाहरण घ्या. एकांत एक कंस पुष्कळ झाले म्हणजे कोणता कोणाचा जोडीदार हें ओळखण्यासाठीं प्रत्येक जोडीस वेगळा रंग देणारें एक पूरक फार लोकप्रिय होतें. परंतु तें बाहेरून जोडलेलें असल्यामुळें फाइलींतील सर्व मजकूर त्यास स्वतः पुन्हां वाचावा लागे, व हजारों ओळींची फाइल असली कीं तें धापा टाकूं लागे. शेवटीं २०२१ सालीं संपादकाच्या कर्त्यांनीं तीच सोय मुळांतच बसविली, आणि ती जुन्या पूरकाहून दहा हजार पट जलद असल्याचें त्यांनीं प्रसिद्ध केलें. दहा हजार हा आंकडा मोठ्या फाइलीवर मोजलेला आहे, शाळेच्या वहीएवढ्या प्रोग्रॅममध्यें फरक एवढा जाणवणार नाहीं. तथापि तें पूरक आतां कोणास लागत नाहीं हें खरें. तरीहि जुन्या चित्रपटांवर विसंबून तें शोधणारे विद्यार्थी आम्हांस अद्याप भेटतात. तीच गोष्ट मराठी टाइप करण्याची. पानावर मराठी मथळा घालावयाचा म्हणून ‘मराठीचें पूरक’ शोधूं नये. इन्स्क्रिप्ट कळफलक १९८६ सालीं भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें ठरवून दिला, तो आज प्रत्येक संगणकाच्या मूळ व्यवस्थेंतच असतो, तेवढा चालू करावा. मात्र जे संपादक काळ्या टर्मिनलच्या खिडकींत चालतात तेथें आपलीं जोडाक्षरें व वेलांट्या पुष्कळदां विस्कळित दिसतात. तो दोष संपादकाचा नसून बहुधा त्या खिडकीचा असतो. फाइल चांगलीच असते.

आतां पालकांशीं दोन शब्द. पूरक म्हणजे परक्या मनुष्यानें लिहिलेला प्रोग्रॅम होय. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्यें जे अधिकार संपादकास तेच पूरकास मिळतात: तें आपल्या फाइली वाचूं शकतें, बदलूं शकतें, पुसूं शकतें, आणि इंटरनेटवरून कोठेंहि पाठवूं शकतें. ज्या संगणकावर मुलगा शिकतो त्याच संगणकावर घरच्या बँकेचे कागद, आधारपत्राची प्रत किंवा शेताचा सातबारा असेल तर याचा विचार आधीं केला पाहिजे. प्रसिद्ध पूरकाचें नांव एखादें अक्षर बदलून धारण करणारीं बनावट पूरकें वेळोवेळीं सांपडलीं आहेत व काढून टाकण्यांत आलीं आहेत. नांवापुढें निळी खूण दिसली म्हणजे सर्व ठीक, असाहि समज आहे. ती खूण एवढेंच सांगते कीं, प्रकाशकानें एका संकेतस्थळाची मालकी सिद्ध केली आहे. त्याचा प्रोग्रॅम चांगला आहे कीं वाईट, याविषयीं ती कांहींच बोलत नाहीं. किती लाख लोकांनीं घेतलें, हाहि आंकडा एकटा पुरेसा नाहीं. पूरकाचा मूळ मजकूर उघड ठेवलेला आहे काय, शेवटची दुरुस्ती केव्हां झाली, लोकांनीं कळविलेल्या दोषांस कर्ता उत्तरें देतो काय, आणि रंग बदलण्याचें साधें पूरक आपल्याबरोबर दुसरीं चार पूरकें कां ओढून आणतें, हें पाहण्यास दहा मिनिटें लागतात. आम्ही तीं दहा मिनिटें मुलांकडून घेतों.

याच संदर्भांत, पुढची ओळ आपोआप सुचविणाऱ्या पूरकांविषयीं आम्हांस विचारण्यांत येतें. कोपायलट २०२१ सालीं आला व त्यानंतर त्याचीं भावंडें पुष्कळ निघालीं. तीं आपल्या मजकुराचा कांहीं भाग दूरच्या संगणकाकडे पाठवून तेथून उत्तर आणतात. मोठ्या कामांत तीं उपयोगी पडतात यांत संशय नाहीं. परंतु ज्यास अजून स्वतः एक आवर्तन लिहितां येत नाहीं त्यानें तीं वापरणें म्हणजे पाढे पाठ होण्याआधीं गणकयंत्र हातीं घेण्यासारखें आहे. आमच्या वर्गांत तीं बंद असतात. याबाबत मतभेद आहे, व आमच्यांतीलच एक शिक्षक आम्हांस जुनाट म्हणतात.

येथवर पूरकांविरुद्धच लिहिलें असें कोणास वाटेल. तें आमच्या मनांत नाहीं, आणि तें कां नाहीं हें सांगण्यासाठीं पुण्याच्या एका विद्यार्थ्याची हकीगत दिली पाहिजे.

टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ सालीं पुण्यास झाला. लहानपणापासून त्यांची दृष्टि अधू होती, आणि वयाच्या चौदाव्या वर्षीं कांचबिंदूनें ती पूर्णपणें गेली. घरचीं माणसें व मदतनीस पुस्तकें वाचून दाखवीत, त्यावर अभ्यास करून त्यांनीं पुण्याच्या वाडिया महाविद्यालयांत गणिताची पदवी मिळविली, मुंबईच्या आयआयटींत संगणकशास्त्राचें उच्च शिक्षण घेतलें, आणि अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांत १९९४ सालीं डॉक्टरेट संपादन केली. त्यांच्या प्रबंधाचा विषयच मुळीं गणितांतील लांबलचक सूत्रें संगणकाकडून अर्थ समजेल अशा रीतीनें वाचवून घेणें हा होता. पुढच्याच वर्षीं, एप्रिल १९९५ मध्यें, त्यांनीं ‘ईमॅकस्पीक’ प्रसिद्ध केलें. हें ईमॅक्स या संपादकाचें पूरक आहे, आणि त्याच्या योगें संपादक बोलतो.

संगणकाचा पडदा वाचून दाखविणारीं साधनें त्यापूर्वींहि होतीं. मग रामन यांनीं नवें काय केलें? पडदा वाचणारें साधारण साधन बाहेर उभें राहून, पडद्यावर जीं अक्षरें उमटलीं तेवढींच उच्चारतें. संपादकांत दिनदर्शिका उघडली आहे अशी कल्पना करा. डोळस मनुष्य ‘२१’ हा आंकडा पाहतो, वर महिन्याचें नांव पाहतो, स्तंभाच्या माथ्यावर वार पाहतो, आणि क्षणांत सर्व जुळवितो. बाहेरचें साधन मात्र “एकवीस” एवढेंच म्हणणार. ईमॅकस्पीक हें संपादकाच्या आंत बसलेलें असल्यामुळें त्यास ठाऊक असतें कीं ही दिनदर्शिका आहे व हा आंकडा म्हणजे अमुक वार, अमुक महिना, अमुक साल. म्हणून तें पूर्ण दिनांक सांगतें. प्रोग्रॅम वाचतांना डोळसांस जसे रंग दिसतात तसे त्यांत आवाज बदलतात. टीप एका आवाजांत, आज्ञा दुसऱ्या आवाजांत. फाइल उघडली, जतन झाली, बंद झाली, याच्या छोट्या ध्वनिखुणा आहेत. नजर जें काम रंगानें व जागेनें करते, तें येथें कानानें होतें.

आणि हें त्यांनीं मूळ संपादकाच्या मजकुरांत एक ओळहि न बदलतां केलें. ईमॅक्समध्यें ‘अॅडव्हाइस’ नांवाची एक सोय आहे. एखादी क्रिया घडण्यापूर्वीं किंवा घडल्यानंतर आणखी कांहीं करावें, असें त्या क्रियेस बाहेरून सांगून ठेवतां येतें. ‘खालच्या ओळीवर जा’ ही मूळची क्रिया. ती झाल्यावर ‘ती ओळ बोलून दाखव’ ही रामन यांची जोड. क्रियेस त्याची वार्ताहि नसते. सरत्याची दोरी सोडली कीं तिफण पूर्ववत्, तसें हें आहे. मूळ संपादकांत असा दरवाजा ठेवणाऱ्यांच्या मनांत अंध मनुष्याचा विचार होता असें नाहीं. त्यांनीं दरवाजा ठेविला, आणि ज्यास त्याची खरी गरज होती तो त्यांतून आंत आला. रामन यांनीं पुढें अॅडोबी, आयबीएम व गूगल अशा संस्थांत काम केलें व ईमॅकस्पीक वर्षानुवर्षें स्वतः वापरीत व सुधारीत राहिले.

अकरावीच्या माहिती-तंत्रज्ञानाच्या पुस्तकांत जमाखर्च लिहिण्याची ‘ग्नूखाता’ ही आज्ञावली शिकवितात. मुंबईंत तिच्या निर्मितीचें नेतृत्व करणारे कृष्णकांत माने हेहि अंधच आहेत, हें ती शिकणाऱ्या मुलांपैकीं फार थोड्यांस माहीत असतें. आमच्याच एका वर्गांत फळ्यावरील अक्षर न दिसणारी एक विद्यार्थिनी होती. ती मागच्या बांकावरून पुढच्यावर आली, तरी पडदा नीट दिसेना. तिच्यासाठीं कोणतें पूरक घ्यावें याचा आम्हीं पुष्कळ शोध केला, आणि अखेरीस कागदावरील तो प्रश्न आम्हांसच लागू पडला: अक्षरें मोठीं करणें, काळ्यावर पिवळें अशी ठळक रंगयोजना घेणें, व पडदा वाचणाऱ्या साधनास अनुकूल अशी स्थिति चालू करणें, या तिन्ही गोष्टी संपादकांत आधींच होत्या. सोबत एनव्हीडीए हें मोफत वाचक-साधन बसविलें. पैसा लागला तो एका कर्णयंत्राचा. साध्या हेडफोनचा, असें म्हणणें अधिक बरोबर.

पूरकें निवडल्यावर तीं सांभाळण्याचा प्रश्न येतो. व्ही-आयच्या घराण्यांतील ‘व्हिम’ हा संपादक नेदरलंड्स देशाच्या ब्रॅम मोलेनार यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केला. हे गृहस्थ १९९४ सालीं युगांडा देशांतील किबाले येथील बालकेंद्रांत वर्षभर पाण्याची व स्वच्छतेची व्यवस्था पाहत होते. तेव्हांपासून त्यांनीं आपल्या संपादकाची किंमत अशी ठेविली कीं, तो सर्वांनीं फुकट वापरावा व ज्यास शक्य असेल त्यानें त्या मुलांसाठीं कांहीं द्यावें. व्हिम उघडतांच युगांडांतील गरीब मुलांस मदत करण्याविषयींचें वाक्य आजहि दिसतें. मोलेनार २०२३ च्या ऑगस्टमध्यें वारले. या व्हिममध्यें पूरकें बसविण्याची नीटशी सोय फार वर्षें नव्हती. लोक फाइली हातानें इकडून तिकडे ठेवीत, व एक पूरक काढावयाचें झालें तर त्याच्या फाइली कोणत्या हेंच आठवत नसे. मग पूरकांची व्यवस्था पाहणारींच पूरकें निघालीं. अखेर २०१६ सालच्या आठव्या आवृत्तींत ती सोय मुळांतच आली. ईमॅक्समध्यें ती २०१२ सालीं आली होती. येथेंहि तोच क्रम दिसतो: गरज आधीं बाहेरून भागविली जाते, मग घरांत घेतली जाते.

सांभाळण्यांत मुख्य अडचण आवृत्तींची. मूर्तिजापूरच्या स्टेशनावर जे वृद्ध वाचक कधीं उतरले असतील त्यांस शकुंतला गाडी आठवेल. एकीकडे अचलपूर व दुसरीकडे यवतमाळ येथून ती अडीच फुटी रुळांवरून कापूस घेऊन मूर्तिजापुरास येई, आणि तेथें मुंबईचा मोठा रूळ लागला कीं गांठोडीं उतरवून दुसऱ्या डब्यांत भरावीं लागत. लहान डबा मोठ्या रुळावर चढत नसे. संपादक नव्या आवृत्तीचा व पूरक जुन्या आवृत्तीचें असलें म्हणजे असाच प्रसंग येतो. आणि कधीं कधीं तर रूळच उखडले जातात. ‘अॅटम’ नांवाचा एक संपादक त्याच्या कर्त्यांनीं डिसेंबर २०२२ मध्यें बंद केला, तेव्हां त्यासाठीं लोकांनीं लिहिलेलीं हजारों पूरकें निराधार झालीं. म्हणून आम्ही मुलांस सांगतों कीं, परीक्षेच्या किंवा प्रदर्शनाच्या आठवड्यांत कांहीं नवें घेऊं नका, आपोआप अद्ययावत् होणें त्या आठवड्यापुरतें बंद ठेवा, आणि आपल्या पूरकांची यादी व संपादकाची सेटिंगची फाइल वेगळी नकलून ठेवा. ती साधी मजकुराचीच फाइल असते. दुसऱ्या संगणकावर नेली कीं आपलें घर तेथें उभें राहतें.

कापसाच्या भावांचें पान प्रदर्शनांत मांडलें गेलें. आलेख सरळ झाला होता, आणि त्यांतून असें दिसलें कीं, दोन बाजारांतील फरक बहुतेक दिवशीं गाडीभाड्याहून कमी होता. त्या वर्षीं वडिलांनीं माल दारावरच दिला. तो मुलगा गेल्या जूनपासून अमरावतीस अभियांत्रिकी शिकत आहे. दिवाळींत तो भेटावयास आला तेव्हां आम्हीं त्याची यादी मागून पाहिली. वहीच्या एका पानावर सहा पूरकांचीं नांवें होतीं व प्रत्येकासमोर तें कशासाठीं घेतलें हें एका ओळींत लिहिलें होतें. पांचव्यासमोर पेन्सिलीनें लिहिलें होतें, “अद्याप गरज पडली नाहीं”, आणि त्याखालीं काढून टाकल्याचा दिनांक होता.